पिंजऱ्यावरच्या पाटीपलीकडे

पिट बुल घरात आणावा का, असे कुणी विचारले की या संग्रहातले लेखक उलट दोन प्रश्न विचारतात : कुठला पिट बुल, आणि कुणाच्या घरात? पुस्तक हाती घेणाऱ्या बऱ्याच जणांना सरळ होकार किंवा सरळ नकार हवा असेल. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत या कुत्र्याबद्दल जे बोलले गेले, ते याच दोन टोकांवरून. हल्ल्याची बातमी आली की एकीकडून ‘ही जातच संपवा’ अशी मागणी होते आणि दुसरीकडून ‘आमचा तर कुशीत झोपतो’ असे सांगत छायाचित्र पुढे केले जाते. दोन्हीकडचे मत समोरच्या जनावराकडे पाहण्याआधीच ठरलेले असते. झुंजीतून सोडवलेल्या, साखळीला बांधून वाढलेल्या किंवा रात्रीतून रस्त्यावर सोडून दिलेल्या कुत्र्याच्या पदरात या वादातून काहीच पडत नाही. त्याला त्याच्यापुरते ओळखू पाहणारे कुणीतरी लागते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही कुत्री सोडवून घराघरांत पोचवणाऱ्यांनी बऱ्याच चुका करत, बरेच जीव गमावत जे शिकून घेतले, ते हेच आहे. हा विषय मराठी वाचकासमोर मांडताना तो कुठून आला, कुणाकुणाच्या हातून गेला आणि आज आपल्या दाराशी का आला आहे, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे.

पिट बुल या नावाखाली एक जात येत नाही. अमेरिकन पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, अलीकडे वेगळा नोंदला गेलेला अमेरिकन बुली, आणि यांच्या रक्ताचा थोडाफार अंश असलेली किंवा नसलेलीही, रुंद डोक्याची, आखूड केसांची, पिळदार अंगाची असंख्य मिश्र कुत्री, असा हा सगळा मोठा गोतावळा आहे. त्याचे मूळ इंग्लंडात. तिथे बांधून ठेवलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ शतकानुशतके चालला होता. १८३५ च्या प्राणी-क्रूरताविरोधी कायद्याने तो बंद झाला, तेव्हा हौशी मंडळींनी कमी जागेत, लपूनछपून करता येईल असा खेळ शोधला : कुत्र्यांची कुत्र्यांशी झुंज. त्यासाठी बुलडॉगचे बळ आणि टेरियरची चपळाई व चिकाटी एकत्र आणली गेली. ही पैदास स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत पोचली. तिथे १८९८ मध्ये चॉन्सी बेनेट यांनी युनायटेड केनेल क्लब काढला आणि पहिली नोंद आपल्याच ‘रिंग’ नावाच्या पिट बुलची केली. झुंजींशी नाव जोडलेल्या या कुत्र्याला प्रतिष्ठित अमेरिकन केनेल क्लब बराच काळ दारात उभे करत नव्हता. १९३६ मध्ये त्याने कुत्रा स्वीकारला तो ‘स्टॅफर्डशायर टेरियर’ या सोवळ्या नावाने.

या इतिहासातला एक भाग लोक सोयीने विसरतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा कुत्रा अमेरिकेच्या शेतावर, अंगणात, सिनेमाच्या पडद्यावर सर्रास दिसणारा, साधा घरगुती कुत्रा होता. ‘अवर गँग’ या मुलांच्या चित्रपटमालिकेत डोळ्याभोवती काळे वर्तुळ असलेला पीट मुलांच्या टोळीबरोबर हुंदडायचा. पहिल्या महायुद्धात १०२ व्या पायदळ पलटणीबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर गेलेला बुल टेरियर वळणाचा स्टबी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन केलेला आहे. म्हणजे कुत्रा तोच, आणि त्याला भिणारा समाज नंतर तयार झाला.

हे भय वाढले ते १९७० आणि ८० च्या दशकांत. झुंजींविरुद्ध मोहीम सुरू झाली, १९७६ मध्ये आंतरराज्य झुंजींवर संघराज्याचा कायदा झाला, आणि त्यासाठी वर्तमानपत्रांनी जी वर्णने छापली, त्यांनी कुत्र्याच्या क्रौर्याची ख्यातीही घरोघर नेली. ज्यांना दहशत बसवणारा कुत्रा हवा होता, ती माणसे या ख्यातीमुळेच त्याच्याकडे वळली. गुंडांच्या, अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या हाती कुत्री गेली, हल्ले झाले, माणसे मेली, ख्याती आणखी पसरली. २७ जुलै १९८७ च्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जबडा वासलेला पिट बुल आणि सावधगिरीचा इशारा छापून आला. १९८९ मध्ये डेन्व्हर शहराने आणि मायामी-डेड परगण्याने बंदी घातली. १९९१ मध्ये ब्रिटनने धोकादायक कुत्र्यांचा कायदा करून पिट बुल टेरियरसह चार प्रकारांवर बंदी आणली. याच काळात अमेरिकेतल्या अनेक निवाऱ्यांनी एक नियम पाळला. पिट बुल दिसणारे कुत्रे आले की त्याला दत्तक द्यायचे नाही. मुदत संपली की इंजेक्शन. त्यात झुंजीची कुत्री मारली गेली, तशीच कुणाच्या तरी अंगणातून चुकून बाहेर पडलेलीही. पिल्लेही गेली.

पिट बुल बचावाची चळवळ या नियमाविरुद्ध उभी राहिली. विकी हर्न या प्रशिक्षक आणि कवयित्रीने कनेक्टिकट राज्यात मृत्युदंड झालेल्या बँडिट नावाच्या कुत्र्यासाठी लढा दिला आणि १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या परिसरात डोना रेनल्ड्स आणि टिम रेसर यांनी ‘बॅड रॅप’ ही संस्था काढली. ही माणसे मूठभर होती आणि प्राणीकल्याणाच्या क्षेत्रातल्याच मोठ्या संस्था त्यांच्या बाजूने नव्हत्या. झुंजीतून आलेला कुत्रा बिघडलेलाच असणार, त्याला मारणे हीच दया, हे मत तेव्हा सर्वमान्य होते.

ते मत मोडले एका खटल्याने. या विषयावर वाचायला लागलेल्याने हा खटला नीट समजून घ्यावा, म्हणून त्यावर मी अधिक रेंगाळतो आहे.

२५ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनियातल्या सरी परगण्यात मायकल व्हिक या नामवंत फुटबॉलपटूच्या मालकीच्या जागेवर छापा पडला. तपास अमली पदार्थांचा होता. सापडली ती झाडीत जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यांना जाड साखळ्यांनी जखडलेली पिट बुल कुत्री, झुंजीची जागा आणि पुरलेले सांगाडे. हरलेल्या किंवा झुंजायला नकार देणाऱ्या कुत्र्यांना बुडवून, फाशी देऊन, आपटून मारले जात असे, हे कोर्टात कबूल झाले. व्हिकला त्या डिसेंबरात २३ महिन्यांची शिक्षा झाली. कुत्री मात्र निरनिराळ्या सरकारी कोंडवाड्यांत पुराव्याचा मुद्देमाल म्हणून क्रमांक लावून ठेवली होती. प्राणीहक्कांसाठी जगभर नाव असलेल्या पेटाचे आणि अमेरिकेच्या ह्यूमेन सोसायटीचे म्हणणे होते की या सगळ्यांना मारून टाकणेच योग्य.

सरकारी वकिलांनी तसे लगेच केले नाही. अमेरिकेतल्या जुन्या प्राणीसंरक्षण संस्थेचे स्टीफन झॅविस्टॉव्स्की यांच्या नेतृत्वाखाली एक चमू नेमला गेला. त्यात ‘बॅड रॅप’ची मंडळीही होती. सप्टेंबरमध्ये त्यांनी ४९ कुत्र्यांची एकेक करून परीक्षा घेतली. माणूस जवळ गेल्यावर काय करते, खाण्याच्या भांड्याला हात लावल्यावर काय करते, बाहुलीला मूल समजून कसे वागते, दुसरे कुत्रे दिसल्यावर काय होते. तपासणाऱ्यांना भीती होती ती हिंस्र जनावरांची. त्यांना भेटली ती बहुतांशी घाबरून जमिनीला चिकटलेली, मान वर न करणारी कुत्री. काही थोडी दुसऱ्या कुत्र्यावर धावून जात होती, तर काही नुसती उनाड, शिस्त न लागलेली, शेपटी हलवणारी होती. आक्रमकपणामुळे मारावे लागेल असे त्यांनी फक्त एकीबद्दल ठरवले. आणखी एकाला आजारामुळे दयामरण दिले गेले. उरली ४७.

कोर्टाने कायद्याच्या प्राध्यापिका रिबेका हस यांना या कुत्र्यांच्या पालकत्वासाठी नेमले आणि व्हिककडून सुमारे नऊ लाख २८ हजार डॉलर त्यांच्या देखभालीसाठी वसूल केले. कुत्र्यांकडे शस्त्र म्हणून न पाहता गुन्ह्याचे बळी म्हणून पाहण्याचा हा निर्णय पुढे सगळ्यालाच वळण देणारा ठरला. २२ कुत्री युटा राज्यात कनाब इथल्या ‘बेस्ट फ्रेंड्स’च्या अभयारण्यात गेली, बाकीची सात-आठ संस्थांकडे. पुढची गोष्ट सगळ्यांची सारखी नाही, आणि याच कारणासाठी ती खरी आहे. जॉनी जस्टिस नावाच्या कुत्र्यापाशी बसून लहान मुले पुस्तके वाचू लागली. वाचायला अडखळणाऱ्या मुलांना न हसणारा श्रोता हवा असतो, तो त्यांना मिळाला. लिओ रुग्णांना भेटायला जाऊ लागला. झुंजी जिंकलेल्या लुकसला मात्र कोर्टाच्या आदेशानुसार आयुष्यभर अभयारण्यातच राहावे लागले. तो तिथे माणसांचा लाडका होऊन राहिला. जॉर्जियाचे सगळे दात उपटलेले होते. काहींची भीती वर्षानुवर्षे गेली नाही. दारातून आत पाऊल टाकायला, पायरी चढायला त्यांना शिकवावे लागले. यातला शेवटचा, फ्रोडो, २०२१ च्या डिसेंबरात एका कुटुंबाच्या घरी वारला. जिम गोरंट यांनी २०१० मध्ये ‘द लॉस्ट डॉग्ज’ या पुस्तकात ही हकिगत लिहून ठेवली आहे. ज्याला हा विषय मुळापासून समजून घ्यायचा आहे त्याने ते वाचावेच.

एका खटल्याने जग बदलले असे मात्र कुणी समजू नये. २००९ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्क्स परगण्यात झुंजीवाल्याकडून जप्त केलेली सव्वाशेहून अधिक पिट बुल कोर्टाच्या आदेशाने मारली गेली. जप्तीनंतर जन्मलेली पिल्लेसुद्धा त्यात होती. यावर जो संताप उसळला, त्याने ह्यूमेन सोसायटीला आपले धोरण बदलायला लावले : झुंजीतून आलेल्या प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी झालीच पाहिजे. त्याच वर्षी जुलैत मिसूरी आणि आसपासच्या राज्यांत झालेल्या छाप्यांतून चारशेहून अधिक कुत्री सुटली. सेंट लुइसमध्ये त्यांच्यासाठी मोठी तात्पुरती व्यवस्था उभारली गेली आणि एकेका कुत्र्याची परीक्षा झाली. दोन वर्षांपूर्वी अशक्य वाटणारी गोष्ट आता कामाची रीत झाली होती.

तरी या कुत्र्यांबाबतचे मतभेद संपलेले नाहीत. पहिला पंथ बंदीवाद्यांचा. त्यांच्या मते या कुत्र्यांची पैदास थांबवावी, असलेल्यांची नसबंदी करावी आणि एका पिढीत प्रश्न मिटवावा. दुसरा पंथ जात नोंदवून, वंशावळी जपून कुत्री पाळणाऱ्यांचा. कुत्रा ज्यासाठी घडवला गेला ते विसरू नका, अनाडी माणसाच्या हाती तो देऊ नका, असे ते बजावतात. तिसरा, व्हिक खटल्यातून बळकट झालेला, स्वतंत्र तपासणीचा पंथ. चौथा त्याहून पुढे जातो. न्यूयॉर्क राज्यातल्या ‘अ‍ॅनिमल फार्म फाउंडेशन’सारख्या संस्था म्हणतात की पिंजऱ्यावर जातीची पाटीच लावू नका, ते कुत्रे आहे, एवढे पुरे.

पाटी काढण्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. फ्लोरिडातल्या चार निवाऱ्यांतल्या १२० कुत्र्यांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निवाऱ्यातल्या निदान एका तरी जाणकाराने पिट बुल ठरवलेली कुत्री त्यात ६२ होती. डीएनए तपासणीत तो वंश निघाला फक्त २५ जणांत. रोज कुत्री हाताळणाऱ्या, पशुवैद्यक असलेल्या माणसांची ही अवस्था, तर घरमालकाने किंवा पोलिसाने नुसत्या नजरेने दिलेल्या निकालावर कुणाचा जीव कसा टांगावा? ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या लिसा गुंटर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की पिट बुल असे नाव लागलेली कुत्री दिसायला तशीच असलेल्या इतर कुत्र्यांपेक्षा निवाऱ्यात तिपटीहून अधिक काळ अडकून पडतात. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांनी दिलेल्या माहितीवरून, एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीने सुमारे नऊ टक्केच उलगडतात असा निष्कर्ष निघाला.

तरीही पाटी काढून टाकण्याच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. नावाची पाटी काढावी; इतिहासाची नोंद मात्र काढू नये. अमेरिकेतल्या जीवघेण्या हल्ल्यांच्या १९७९ ते १९९८ या काळातल्या नोंदींत अर्ध्याहून अधिक मृत्यू पिट बुल वळणाच्या आणि रॉटवायलर कुत्र्यांशी निगडित होते. त्या नोंदी तपासणाऱ्या संशोधकांनीच बजावले होते की त्यावरून जातीनिहाय बंदीचे धोरण काढू नये. हे बजावणे सांगताना त्यामागचे आकडे लपवणे बरोबर नाही. २००० ते २००९ या काळातल्या २५६ मृत्यूंचा पुढे सखोल तपास झाला, त्यात पाचांपैकी चार घटनांत टाळता येण्याजोगी चार किंवा अधिक कारणे एकत्र आलेली आढळली : मदतीला सक्षम माणूस नाही, कुत्रा कुटुंबात न वाढता साखळीला किंवा कुंपणात एकाकी राहिलेला, नसबंदी नाही, बळी पडलेले माणूस लहान, वृद्ध किंवा कुत्र्याला अनोळखी, आधीच्या खुणांकडे दुर्लक्ष, छळ किंवा उपासमार. ही सारी कारणे माणसांच्या हातातली आहेत. पण कुत्रा बलदंड असेल तर त्यांची किंमत फार मोठी होते, हेही तितकेच खरे. चावरे पॉमेरेनियन आणि चावरा पिट बुल यांची जबाबदारी सारखी नसते.

बचाव करणाऱ्यांनी गोड बोलून या कुत्र्याचे नुकसान केले आहे. हा पूर्वी मुलांना सांभाळणारा ‘दाई-कुत्रा’ होता ही कथा वर्षानुवर्षे फिरत राहिली. २०१३ मध्ये ‘बॅड रॅप’नेच जाहीरपणे सांगितले की याला आधार नाही, हे सांगणे आम्ही थांबवतो आहोत, कारण त्यावर विसंबून लोक मुलांना कुत्र्याबरोबर एकटे सोडतात. प्रेमापोटी पसरवलेल्या खोट्याला आपल्याच माणसांसमोर खोटे म्हणायला धैर्य लागते. या संग्रहातले सर्वांत उपयोगी लेख त्या धैर्याने लिहिलेले आहेत.

दुसऱ्या बाजूला बंदीचा अनुभवही पाहिला पाहिजे. ब्रिटनच्या कायद्यात पिट बुल ‘प्रकारचा’ कुत्रा ठरतो तो मापाने : डोके, छाती, पाय, शेपटी यांची लक्षणे एका अमेरिकी पैदासकार संघटनेच्या १९७७ मधल्या मापदंडाशी पुरेशी जुळली की झाले. वागणे कसेही असो. अशा कुत्र्याला निवाऱ्यातून नवे घर देता येत नाही, त्यामुळे कुणालाही कधी न चावलेली कुत्रीही मारावी लागली. ३१ डिसेंबर २०२३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक्सएल बुलीची पैदास, विक्री आणि दुसऱ्याला देणे बेकायदा झाले. १ फेब्रुवारी २०२४ नंतर सवलतीचा दाखला, नसबंदी, मायक्रोचिप, विमा आणि बाहेर नेताना मुसके असल्याशिवाय तो पाळता येत नाही. यातली नसबंदी, नोंदणी, विमा ही बंधने मला सगळ्याच मोठ्या कुत्र्यांसाठी योग्य वाटतात. पण निवाऱ्यातल्या निरपराध कुत्र्यासाठी घराचे दार बंद करणारे कलम अन्यायाचे आहे. डेन्व्हरच्या नागरिकांनी तीस वर्षांनी, २०२० मध्ये, मतदानाने बंदी हटवून परवान्याची पद्धत आणली. मायामी-डेडची बंदी २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या राज्य कायद्याने गेली. नेदरलँड्सने आपली बंदी २००८ मध्येच मागे घेतली होती.

आता आपल्या दाराशी. जुलै २०२२ मध्ये लखनौला एका वृद्ध महिलेचा घरच्याच पिट बुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि हा विषय भारतात एकदम पेटला. काही महिन्यांत गाझियाबादसारख्या शहरांनी बंदीचे ठराव केले. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पत्र पाठवून पिट बुलसह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला, पाळलेल्यांची नसबंदी करायला सांगितले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढले, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला ते रद्द केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात हणजुणे इथे सात वर्षांच्या मुलाचा पिट बुलच्या हल्ल्यात जीव गेला. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मानखुर्दला उभ्या रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला पिट बुलने चावे घेतले. त्या हल्ल्याची चित्रफीत महाराष्ट्राने पाहिली आणि मालकावर गुन्हा दाखल झाला. त्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे दुःख बाजूला सारून या विषयावर एक ओळही लिहिण्याचा कुणाला अधिकार नाही.

आपल्याकडे घडते आहे ते अमेरिकेत ऐंशीच्या दशकात घडले होते, फक्त अधिक बेफिकिरीने. दरारा दाखवायला, फार्महाउसवर बांधायला, हातात साखळी धरून मिरवायला पिल्लू विकत घेतले जाते. त्याचे कान कापून टोकदार केले जातात, अनेकदा भुलीशिवाय. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत, पण गच्चीवर, गाळ्यात, फोनवरच्या ओळखीवर चालणारा धंदा त्यांच्या बाहेरच राहतो. आठ-दहा महिन्यांत पिल्लाचे ताकदवान जनावर होते, सोसायटीत तक्रार येते, बंदीची बातमी येते, आणि एका रात्री कुत्रे गावाबाहेर नेऊन सोडले जाते. रस्त्यावरच्या टोळीत ते तगत नाही. एक तर ते मारले जाते, नाहीतर दुसऱ्याला मारते, आणि दोन्हींत दोष त्याच्या माथी येतो. भटक्या कुत्र्यासारखे नसबंदी करून त्याला पुन्हा त्याच रस्त्यावर सोडता येत नाही. जनावर असे टाकून देणे १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. झुंज लावणेही गुन्हा आहे. पण पहिल्यांदा गुन्हा केल्यास होणारा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. हा दंड बदलला गेला पाहिजे. जातीच्या याद्या काढण्यापेक्षा हे आधी व्हायला हवे.

अशी सोडवलेली कुत्री भारतात घेणार कोण? या पुस्तकाचा जीव या प्रश्नात आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही मराठी घरांनी निवाऱ्यातून पिट बुल आणले, त्यांचे अनुभव इथे आहेत. तिथे आधी फॉस्टर म्हणून काही आठवडे कुत्रा ठेवून पाहण्याची सोय असते, संस्था घर पाहून जाते, लेखी करार होतो आणि जमले नाही तर कुत्रा संस्थेकडेच परत द्यायचा असतो. भाड्याच्या घराचे नियम आणि विमा कंपन्यांच्या याद्या तिथेही आडव्या येतात. कुत्रा चांगला असूनही घर बदलावे लागल्यामुळे परत आलेली कित्येक कुत्री निवाऱ्यांत आहेत. आपल्याकडे ही साखळी अजून तुटक आहे. एखादा पशुवैद्य, एखादी संस्था, एखादी तरुण मुलगी जिच्या घरात आधीच चार कुत्री आहेत, अशा माणसांच्या अंगावर सगळे येऊन पडते.

त्यांना उपयोगी पडेल अशी कामाची माहिती पुस्तकात भरपूर आहे, आणि ती मला भावनेच्या पानांहून मोलाची वाटते. नव्या घरात आलेल्या कुत्र्याला पहिले तीन दिवस बावरायला, तीन आठवडे दिनक्रम कळायला आणि तीन महिने घर आपले वाटायला लागतात, हा प्रशिक्षकांचा जुना अडाखा. त्या काळात पाहुण्यांची गर्दी नको, दुसऱ्या कुत्र्याशी गाठ घालायची ती आधी बाहेर, दोघांना समांतर चालवत. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत. घरात दोन कुत्री असतील तर नजरेआड दोघांना एकत्र ठेवायचे नाही, कितीही मैत्री दिसली तरी. पट्टा आखूड आणि मजबूत. लांबत जाणारा पट्टा या कुत्र्याला नको. मुसके ही शिक्षा नव्हे, खाऊ देत देत त्याची सवय लावता येते. शिकवणे बक्षिसाने, मार खाऊन वाढलेल्या कुत्र्याला आणखी मारून काही शिकवता येत नाही, फक्त गुरगुरण्याची सूचना न देता चावायला शिकवले जाते. आणि आरोग्य : खाज, ॲलर्जी, खरूज या जातींत नेहमी दिसतात, आपल्या हवामानात गोचीडताप वेगळाच. महिन्याचा खर्च मांडून मगच हो म्हणावे, हा एका पशुवैद्याचा सल्ला मला फार पटला.

काही कुत्री घरी देता येत नाहीत, हे लिहिणारेही लेख इथे आहेत. माणसावर गंभीर हल्ला केलेला, प्रयत्नांनंतरही न सुधारलेला कुत्रा शेजाऱ्यांच्या मुलांमध्ये ठेवणे हे प्रेम नाही. ते लेख वाचताना मन जड होते. तरी संपादकांनी ते गाळले नाहीत म्हणून उरलेल्या गोड गोष्टींवर विश्वास बसतो.

पुस्तकात एक उणीव मला जाणवली. ज्यांच्या घरात हल्ला झाला, त्यांचा आवाज इथे फार कमी आहे. पुढच्या आवृत्तीत तो यावा. बचाव करणारा आणि जखमी झालेला एकाच टेबलाशी बसले, तर दोघांची मागणी बऱ्याच अंशी एकच निघेल : परवाना, नसबंदी, अवैध पैदाशीवर धाड, झुंजीला खरी शिक्षा आणि मालकाची जबाबदारी.

वाचकाला एवढेच सांगायचे आहे. पिट बुल आवडला म्हणून बाजारातून पिल्लू विकत घेऊ नका. त्या पैशाने हा धंदा आणखी एक वर्ष चालतो. घरात लहान मूल असेल, दिवसभर घर बंद राहत असेल, सोसायटीशी भांडण चालू असेल, तर आत्ता थांबा, आणि एखाद्या फॉस्टर घराला औषधपाण्याचा खर्च द्या. आणि जागा, वेळ, संयम आणि घरातल्या सगळ्यांची मान्यता तुमच्याकडे असेल, तर जवळच्या निवाऱ्यात जा, त्या एका कुत्र्याचा पूर्ण इतिहास विचारा, पुन्हा पुन्हा भेटा, आणि मग त्याला घरी आणा.